खाणे सोडलेला, शेपटी बारीक झालेला लेपर्ड गेको: आजार कसा ओळखावा आणि उपचार कसे करावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातील मुलीकडे तीन वर्षांचा लेपर्ड गेको (ठिपक्यांची, घरी पाळली जाणारी पाल) आहे. पाच आठवड्यांपासून तो जवळजवळ काहीच खात नाही, त्याची शेपटी पूर्वीपेक्षा बारीक दिसते, मागच्या पायाच्या दोन बोटांवर जुनी कात अडकून राहिली आहे आणि डावा डोळा तो बहुतेक वेळ मिटलेलाच ठेवतो. पेटीच्या तळाला वाळू आहे, खाली हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) आहे, खाद्य म्हणून मुख्यतः मीलवर्म (एका भुंगेऱ्याच्या अळ्या) दिले जातात, आणि दोन महिन्यांपूर्वी मैत्रिणीचा गेको काही दिवस त्याच पेटीत पाहुणा होता. मुलीच्या वडिलांना चार ठिकाणी चार सल्ले मिळाले: जंताचे औषध द्या, डोळ्यात थेंब घाला, ऑलिव्ह तेल पाजा, आणि हिवाळ्यात असे होतेच म्हणून वाट पाहा. यांपैकी कोणता सल्ला मानावा, असे ते विचारतात.

माझी पहिली विनंती अशी की, आज यांपैकी एकही मानू नका. गेली अठरा वर्षे मी सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करतो आहे, आणि या काळात मला पटलेली गोष्ट अशी आहे की लेपर्ड गेको आजारी पडला हे कळणे सोपे असते, पण तो कशाने आजारी पडला हे नुसत्या लक्षणांवरून जवळजवळ कधीच सांगता येत नाही. खाणे सोडणे, शेपटी झिजणे, कात अडकणे आणि डोळा मिटणे ही चारही लक्षणे पेटी थंड असल्यामुळे होऊ शकतात, जीवनसत्त्व ‘अ’ कमी पडल्यामुळे होऊ शकतात, आणि आतड्यातील एका चिवट परजीवीमुळेही होऊ शकतात. तिन्हींवरचे उपाय एकमेकांपासून अगदी वेगळे आहेत. त्यांचा निवाडा तीन गोष्टी करतात: वजनाचा काटा, पृष्ठभागाचे तापमान मोजणारा थर्मामीटर आणि विष्ठेची तपासणी. पहिल्या दोन आपल्याला आज रात्रीच करता येतील.

वजनापासून सुरुवात करू या. एक ग्रॅमपर्यंत अचूक असलेला डिजिटल काटा घ्यावा (तो यापुढे स्वयंपाकासाठी वापरू नये), त्यावर झाकणाचा रिकामा प्लास्टिकचा डबा ठेवून काटा शून्यावर आणावा, आणि गेकोला शेपटीला हात न लावता, तळहाताने पोटाखालून उचलून डब्यात ठेवावे. पूर्ण वाढ झालेला लेपर्ड गेको साधारणपणे ४५ ते ८० ग्रॅम भरतो, परंतु मला त्या एका आकड्यापेक्षा आठवड्यागणिक तो कुठल्या दिशेने सरकतो आहे हे कळण्यात अधिक रस असतो. निरोगी प्रौढ गेको कित्येक आठवडे उपाशी राहूनही दोन-तीन ग्रॅमच गमावतो. मूळ वजनाच्या दहा टक्के घट झाली, तर ती नुसती रुसलेली भूक नव्हे आणि तपासणी करायलाच हवी. वीस टक्क्यांच्या आसपास गेली, तर भेटीची वेळ पुढच्या आठवड्याची नव्हे, उद्याची घ्यावी. तीन वर्षांत आपण वजन केले नसेल, तर जुनी छायाचित्रे काढून शेपटीची तुलना करावी. या प्राण्याची चरबी शेपटीत साठते; तब्येत ठीक असताना शेपटीचा सर्वांत जाड भाग मानेच्या रुंदीइतका किंवा त्याहून थोडा अधिक असतो. वरून पाहताना शेपटीच्या मणक्यांची रांग दिसू लागली किंवा कमरेची हाडे टोचल्यासारखी वर आली, तर साठा संपत आला आहे असे समजावे.

हिवाळ्याचा जो सल्ला आपल्याला मिळाला, त्यात सत्याचा अंश आहे, आणि म्हणूनच तो धोक्याचा आहे. हा प्राणी मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातील कोरड्या, खडकाळ टेकड्यांवरचा आहे आणि तेथील थंडीचे महिने तो बिळात, खडकांच्या खाचांत जवळजवळ निश्चल काढतो. पिढ्यानुपिढ्या पेटीत वाढलेल्या गेकोंमध्येही ही सवय पूर्ण गेलेली नाही, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत भूक मंदावते. प्रजननाच्या काळात नरही कित्येक आठवडे खाण्याकडे दुर्लक्ष करतात. मात्र अशा वेळी शेपटी भरलेली राहते, दोन्ही डोळे स्वच्छ व पूर्ण उघडे असतात, आणि संध्याकाळी प्राणी पोट जमिनीपासून उचलून चालतो. आपल्या गेकोची शेपटी बारीक झाली आहे आणि डोळाही मिटलेला आहे, त्यामुळे त्याच्यावर हिवाळ्याचा शिक्का मारता येणार नाही.

आता तापमान. लेपर्ड गेको पोटाखालच्या आणि अंगावर पडणाऱ्या उबेवर अन्न पचवतो. त्याला पेटीच्या एका टोकाला ३१ ते ३३ अंश सेल्सियसचा पृष्ठभाग, दुसऱ्या टोकाला साधारण २४ ते २६ अंश, आणि रात्री वीस अंशांच्या आसपास हवा लागते. पेटीच्या काचेला चिकटवलेली गोल तबकडी हवेचे तापमान दाखवते, तेही बरेचदा चुकीचे, आणि गेकोच्या पोटाखाली काय चालले आहे ते तिला कळतच नाही. तारेच्या टोकाला संवेदक असलेला थर्मामीटर घेऊन ते टोक उबदार आडोशाच्या आत, नेमके जिथे त्याचे पोट टेकते तिथे ठेवावे आणि चोवीस तासांतील किमान व कमाल तापमान टिपून घ्यावे. हीट मॅटवर वाळूचा जाड थर असेल, तर वरचा पृष्ठभाग सत्तावीस-अठ्ठावीस अंशांवरच अडकतो आणि खाली मात्र काच चटका बसेल इतकी तापते. गेको उबेसाठी वाळू उकरत खाली गेला की पोट भाजते. थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्राशिवाय, लावलेली मॅट मी सुरक्षित मानत नाही. पोटावर तपकिरी डाग, पाणी भरलेले फोड किंवा कडक झालेली कातडी दिसली, तर ती भाजल्याची खूण आहे. त्यावर हळद, तूप, मलम काहीही न लावता वैद्याकडे जावे, कारण वरून छोटी दिसणारी भाजलेली जागा आत खोलवर गेलेली असू शकते.

थंड पेटीतल्या गेकोला भूक लागत नाही, लागली तरी खाल्लेले पचत नाही, प्रतिकारशक्ती मंदावते आणि दिलेले औषधही शरीरात नीट पसरत नाही. म्हणून कोणताही उपचार सुरू करण्यापूर्वी ऊब दुरुस्त करणे ही पहिली पायरी असते, आणि केवळ तेवढ्याने दहा-बारा दिवसांत पुन्हा खाऊ लागलेले गेको मी बरेच पाहिले आहेत. वाळू काढून आज कागदी टॉवेल अंथरावेत. ते देखणे दिसत नाहीत, पण त्यांच्यावर विष्ठा कशी आहे, किती आहे, उलटी झाली का, हे स्पष्ट दिसते, आणि आजारी प्राण्याच्या बाबतीत तेच आपल्याला हवे आहे.

आपल्या प्रश्नातील ज्या वाक्याने मला सर्वांत अस्वस्थ केले, ते पाहुण्या गेकोविषयीचे आहे. शेपटी काडीसारखी होत जाणे, अधूनमधून अर्धवट पचलेले किडे उलटून टाकणे, विष्ठा पातळ व दुर्गंधीयुक्त होणे आणि भूक मंदावत जाणे, ही क्रिप्टोस्पोरिडियम व्हॅरॅनाय या एकपेशीय परजीवीची नेहमीची चाल आहे. तो लहान आतड्याच्या अस्तराला चिकटून राहतो आणि त्यामुळे खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. त्याची बीजकोष्ठे (कवचातील सूक्ष्म बीजे) विष्ठेतून बाहेर पडताक्षणीच संसर्ग करण्यास तयार असतात. एकाच पाण्याच्या भांड्यातून, चिमट्यावरून, हातांवरून किंवा एका पेटीतून सुटून दुसऱ्या पेटीत गेलेल्या रातकिड्यावरूनही ती पसरतात. बाधित गेको कित्येक महिने ठणठणीत दिसू शकतो. त्यामुळे मैत्रिणीचा गेको निरोगी दिसत होता, ही माहिती दुर्दैवाने आपल्याला दिलासा देणारी नाही.

या रोगाचे निदान विष्ठेच्या पीसीआर तपासणीने (परजीवीचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीने) किंवा खास रंजक वापरून सूक्ष्मदर्शकाखाली केले जाते. येथे एक अडचण आहे: बाधित प्राणी बीजकोष्ठे रोज बाहेर टाकत नाही, त्यामुळे एक नमुना निर्दोष आला म्हणजे प्राणी निर्दोष ठरत नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका घरातील गेकोचा एकच नमुना तपासला, अहवाल स्वच्छ आला म्हणून मालकांना निश्चिंत केले, आणि त्यांनी तो पुन्हा इतर गेकोंच्या शेजारी ठेवला. पुढच्या काही महिन्यांत त्यांचे आणखी तीन प्राणी झिजत गेले. तेव्हापासून मी काही दिवसांच्या अंतराने घेतलेले किमान तीन नमुने पाहिल्याशिवाय कोणालाही शब्द देत नाही. उलट बाजूनेही सावध राहावे लागते, कारण गेकोला उंदराची पिल्ले खायला घातली असतील, तर उंदरांमधील निराळ्या जातीची बीजकोष्ठे त्याच्या आतड्यातून नुसती पुढे जातात आणि रोग नसताना अहवाल सकारात्मक दिसतो. म्हणून पीसीआरमध्ये परजीवीची जातही निश्चित करून घ्यावी.

निदान पक्के झाले, तर काय? प्रामाणिकपणे सांगायचे तर खात्रीने बरे करणारे औषध आजही नाही. पॅरोमोमायसिन या औषधाने बऱ्याच प्राण्यांचे वजन सावरते आणि बीजकोष्ठे कमी होतात, पण औषध थांबवल्यावर रोग उलटतो. घरात एकच गेको असेल, तो खात असेल आणि वजन टिकून असेल, तर त्याला वेगळे ठेवून सांभाळता येते. माझ्याकडे असे काही प्राणी वर्षानुवर्षे जगले आहेत. पण शेपटी पूर्ण झिजलेली, उभे राहता येत नाही, अशा अवस्थेत वैद्याच्या हातून वेदनारहित मृत्यू देणे हा मुलीलाही समजावून सांगता येईल असा दयेचा निर्णय असतो. घरी फ्रीजरमध्ये ठेवून असा प्राणी संपवण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. तो क्रूर आहे आणि कोणीही मानू नये. स्वच्छतेच्या बाबतीत एक महत्त्वाची गोष्ट अशी की, घरातील साधे ब्लीच या बीजकोष्ठांना मारत नाही. उकळते पाणी, वाफ आणि त्यानंतर संपूर्ण कोरडे करणे अधिक भरवशाचे आहे. अमोनियाचे पाच टक्के द्रावण काम करते, पण ते आणि ब्लीच चुकूनही एकत्र येऊ देऊ नये, कारण त्यातून विषारी वायू तयार होतो. लाकडी आडोसे व सच्छिद्र वस्तू टाकून द्याव्यात. हा परजीवी माणसाला बाधत असल्याचे मानले जात नाही, तेव्हा मुलीच्या प्रकृतीची त्या बाजूने काळजी नको.

असे असले तरी आपल्या गेकोला हाच रोग आहे असे मी म्हणत नाही, कारण मिटलेला डोळा आणि बोटांवरची कात मला दुसरीकडेही नेतात. लेपर्ड गेको हा पापण्या असलेल्या मोजक्या गेकोंपैकी आहे. आपल्या घराच्या भिंतीवरची पाल डोळा जिभेने चाटून साफ करते, कारण तिला हलणाऱ्या पापण्या नाहीत. लेपर्ड गेकोला त्या आहेत, आणि त्यांच्या आत कातीचे तुकडे, धूळ, वाळूचे कण अडकू शकतात. पण याच्याही मागे बहुतेक वेळा जीवनसत्त्व ‘अ’ची कमतरता असते. किड्यांमध्ये हे जीवनसत्त्व अत्यल्प असते, आणि गाजरासारख्या भाज्यांतील बीटा-कॅरोटिनचे त्यात रूपांतर करण्याची या प्राण्याची क्षमता फारशी भरवशाची नाही. ते कमी पडले की डोळ्याभोवतीच्या ग्रंथींचे आणि त्यांच्या नलिकांचे अस्तर कातडीसारखे कठीण होत जाते, अश्रू नीट वाहत नाहीत, पापणीखाली पांढरा, चिवट खव्यासारखा थर साचतो आणि कातही तुकड्यातुकड्यांनी निघू लागते. लेपर्ड गेको नजरेने शिकार करतो. ज्याला दिसत नाही तो खात नाही, आणि खात नाही त्याची शेपटी झिजते. म्हणजे आपण सांगितलेली चारही लक्षणे या एका धाग्यातही ओवली जातात.

यासाठी किड्यांना लावण्याच्या आपल्या पूरक भुकटीच्या (जीवनसत्त्वे व खनिजे असलेल्या) डब्यावरचा मजकूर वाचावा. त्यात रेटिनॉल किंवा रेटिनिल ॲसिटेट असे लिहिले असेल, तर तयार जीवनसत्त्व ‘अ’ आहे. केवळ बीटा-कॅरोटिन असेल, तर कमतरतेची शक्यता खरी आहे. मात्र लगेच मोठी मात्रा देऊ नये आणि इंजेक्शनचा आग्रहही धरू नये, कारण हे जीवनसत्त्व यकृतात साठते आणि अतिरेक झाला, तर कातडी सोलून निघते. डोळ्यासाठी घरी करता येण्याजोगी एकच गोष्ट आहे: निर्जंतुक सलाईनचे कोमट थेंब दिवसातून दोनदा घालून पापणी ओली ठेवणे. पापणीखालचा थर चिमट्याने ओढणे, घरातील माणसांसाठीचे उरलेले थेंब वापरणे, हे टाळावे. माणसांच्या अनेक थेंबांमध्ये स्टेरॉइड असते, आणि बुबुळावर जखम असेल, तर स्टेरॉइडने ती चिघळून डोळा जाऊ शकतो. वैद्य प्रथम हिरवट चमकणारा रंजक टाकून जखम आहे का ते पाहतील, मग भिंगाखाली थर काढतील. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू आपल्यासारखा पातळ नसून चीजसारखा घट्ट असतो, त्यामुळे तो औषधाने विरघळत नाही, हाताने काढावाच लागतो. दिवे फार प्रखर असले तरी, विशेषतः अल्बिनो जातींमध्ये, डोळे मिटलेले राहतात. पण तेव्हा दोन्ही डोळे मिटतात, एक नव्हे.

बोटांवरची कात मात्र आज रात्रीच हाताळावी. अडकलेली कात वाळली की अंगठीसारखी आवळते, पुढचा रक्तपुरवठा थांबतो आणि बोट काळे पडून गळते. डब्यात बोटभर उंचीचे, साधारण २८ ते ३० अंशांचे पाणी घालावे, तळाला कापड ठेवावे म्हणजे पाय घसरणार नाहीत, आणि झाकणाला भोके असलेल्या त्या डब्यात त्याला पंधरा-वीस मिनिटे बसवावे. नंतर ओल्या कापसाच्या काडीने बोटाच्या मुळाकडून टोकाकडे हलके फिरवत राहावे. निघाली तर उत्तम. नाही निघाली, तर उद्या पुन्हा भिजवावे, पण ओढू नये, कारण कातीबरोबर खालची त्वचा आणि नखही येते. बोट सुजलेले, लाल किंवा काळे असेल, तर ते काम वैद्याचे.

कात अडकू नये म्हणून पेटीत एक ओलसर आडोसा कायम हवा: वर किंवा बाजूला प्रवेशाचे भोक पाडलेला डबा, आत ओले करून घट्ट पिळलेले स्फॅग्नम शेवाळ, आणि जागा उबदार टोकाच्या जवळ. हा प्राणी वाळवंटी आहे, त्याला ओलावा नको, ही समजूत मी पुष्कळ ठिकाणी ऐकतो. कोरड्या मुलखातला प्राणी दिवस दगडाखाली, बिळात काढतो आणि तिथे बाहेरच्यापेक्षा ओलावा कितीतरी अधिक असतो. महाराष्ट्र आणि गुजरातच्या खडकाळ भागात याचाच चुलत भाऊ, युब्लेफॅरिस फस्कस, राहतो. तोही दिवसभर असाच दडून असतो. गावी गेल्यावर तो कोणाला दिसला आणि ‘विषारी आहे’ म्हणत कोणी काठी उचलली, तर थांबवावे. त्याला विष नसते. त्याला पकडून पाळूही नये.

आहाराविषयी आता सांगतो, कारण मीलवर्मवर तीन वर्षे काढलेल्या गेकोच्या हाडांची मला चिंता वाटते. मीलवर्म असोत वा रातकिडे, त्यांच्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कित्येक पट असतो. अन्नातून कॅल्शियम मिळाले नाही की शरीर ते हाडांतून उपसते. आरंभी केवळ चालण्यातला आळस दिसतो, मग बोटांची थरथर, वाकलेले पाय, पोट घासत चालणे, आणि शेवटी रबरासारखा मऊ जबडा, ज्याने किडा चावताच येत नाही. म्हणजे खाणे सोडण्याचे हेही एक कारण आहे. जबड्याच्या दोन्ही बाजू बोटांनी अगदी हलके दाबून पाहाव्यात. निरोगी जबडा मुळीच लवत नाही. थरथर किंवा झटके दिसले, तर ती तातडीची अवस्था समजावी, कारण रक्तातील कॅल्शियम कोसळले आहे आणि इंजेक्शनची गरज आहे. सौम्य अवस्थेत एक्स-रे काढून, तोंडाने कॅल्शियम, जीवनसत्त्व ‘ड३’ आणि सौम्य यूव्हीबी नळी (अतिनील किरण देणारा दिवा) यांनी हाडे काही महिन्यांत बळकट होतात, मात्र वाकलेली हाडे सरळ होत नाहीत. ‘ड३’चीही मात्रा बेताने ठेवावी, अतिरेकाने मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचते.

प्रकृती सावरल्यावर मुख्य खाद्य रातकिडे किंवा डुबिया झुरळे असावीत, त्यांना आधी चोवीस तास पालेभाज्या व चांगले खाद्य खाऊ घालावे, आणि प्रत्येक वेळी साध्या कॅल्शियमची भुकटी लावावी. काळ्या सोल्जर माशीच्या अळ्यांत कॅल्शियम स्वतःचेच भरपूर असते, तेव्हा त्या अधूनमधून द्याव्यात. वॅक्सवर्म (मेणकिड्याच्या चरबीयुक्त अळ्या) हा खाऊ आहे, जेवण नव्हे; त्यांची चटक लागलेला, काखेत चरबीचे गोळे आलेला गेको अचानक उपाशी राहिला, तर यकृतावर चरबी चढते आणि ती अवस्था बारीक शेपटीपेक्षाही अवघड असते.

ऑलिव्ह तेलाचे आता स्पष्ट सांगतो: कोणतेही तेल पाजू नये. अशक्त गेकोच्या तोंडात घातलेले तेल सहज श्वासनलिकेत जाते, आणि तेलाचा न्यूमोनिया मूळ आजारापेक्षा लवकर मारतो. वाळू गिळून आतडे तुंबण्याची शक्यता आहे, म्हणून वैद्य पोट चाचपतील आणि एक्स-रे काढतील. पण माझ्या अनुभवात नुसत्या वाळूने तुंबलेला गेको क्वचित भेटतो, बहुधा तो थंड पेटीतला, पाणी कमी झालेला किंवा कॅल्शियमची कमतरता असलेला असतो, आणि सुदृढ गेको चुकून गिळलेले चार कण सहज बाहेर टाकतो. कॅल्शियमची वाळू म्हणून विकली जाणारी वाळू मात्र घेऊच नये, कारण कॅल्शियमची भूक असलेला प्राणी ती मुद्दाम चाटतो.

जंताच्या औषधाचेही तसेच. सूचीकृमींची (पिनवर्म या बारीक जंतांची) थोडी अंडी पुष्कळ निरोगी गेकोंच्या विष्ठेत सापडतात आणि त्यांना हात लावण्याची गरज नसते. संख्या मोठी असेल, तर फेनबेंडॅझोल वापरतात. कॉक्सिडिया हे एकपेशीय परजीवी असतील, तर औषध अगदी निराळे. अंदाजाने दिलेले जंतनाशक पाणी कमी झालेल्या, साठा संपलेल्या प्राण्याला खाली ओढते. म्हणूनच मी येथे एकाही औषधाची मात्रा लिहीत नाही. ती वजनावर आणि निदानावर ठरते.

आपला गेको मादी तर नाही ना, हेही पाहावे. नराशी भेट न होताही मादीच्या पोटात अंडी धरतात. पोटाच्या पारदर्शक त्वचेतून दोन्ही बाजूंना लांबट पांढरट अंडी दिसत असतील, ती सतत खणत असेल आणि मग एकाएकी मलूल झाली असेल, तर अंडी अडकली असण्याची शक्यता आहे आणि त्याच दिवशी वैद्याकडे जायला हवे. नराच्या बाबतीत शेपटीच्या मुळाशी लालसर मांसल भाग बाहेर येऊन आत जात नसेल, तर तो साखरेच्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापडाने ओला ठेवून, तसाच तातडीने न्यावा. उघड्या तोंडाने श्वास घेणे, नाकातोंडाशी बुडबुडे, हिरड्यांवर पिवळट थर, हीसुद्धा थांबण्याजोगी लक्षणे नव्हेत.

रंगासाठी पैदास केलेल्या ज्या जातीचा आपला गेको आहे तिचे नाव आठवत असेल, तर तेही वैद्यांना सांगावे. ‘एनिग्मा’ वंशातील गेको गोल फिरतात, मान आकाशाकडे वळवतात, किड्यावर झेप घेताना नेम चुकतात. हा मज्जासंस्थेचा आनुवंशिक दोष आहे, त्यावर औषध नाही. ‘लेमन फ्रॉस्ट’ या सुंदर पिवळ्या जातीत त्वचेतील रंगपेशींचे अर्बुद (गाठी) होतात, आणि २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्याचा संबंध एसपीआयएनटी१ या जनुकाशी जोडला. रंगासाठी प्राण्याच्या माथी आयुष्यभराचे दुखणे मारणारी ही पैदास थांबली पाहिजे असे माझे मत आहे, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला मी ते सांगतो.

तेव्हा या आठवड्याचा क्रम असा ठेवावा. आज वजन, तापमानाची नोंद, कागदी टॉवेल, ओलसर आडोसा आणि बोटांना पाणी. उद्या दोन-तीन दवाखान्यांत फोन करून, सरपटणारे प्राणी नियमित पाहणारे वैद्य तेथे आहेत का, हे विचारावे आणि याच आठवड्यातली वेळ मागावी. मधल्या काळात जबरदस्तीने तोंड उघडून किडे कोंबू नयेत. आधी ऊब, मग पाणी, मग अन्न, हाच क्रम शरीराला पेलतो. नाकाच्या टोकावर कोमट पाण्याचा थेंब ठेवला की बहुतेक गेको चाटतात, तेवढे दिवसातून काही वेळा करावे. ताजी विष्ठा, तिच्यासोबतचा पांढरा युरेटचा (घट्ट लघवीचा) भाग वगळू नये, छोट्या डबीत बंद करून, खाद्यपदार्थांपासून दूर, फ्रिजमध्ये ठेवावी आणि चोवीस तासांत पोहोचवावी. युरेट पिवळट व खडूसारखा असेल, तर शरीरात पाणी कमी आहे, हेही त्यातून कळते. पेटीचे छायाचित्र, तापमानाची वही आणि पूरक भुकटीचा डबा सोबत न्यावा. प्रवासात गेकोचा डबा कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवावा, पण चिकटवू नये.

मुलीने प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत, गेकोची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवू नयेत आणि त्याला गालाशी लावू नये, कारण निरोगी गेकोच्या विष्ठेतही साल्मोनेला असू शकतो. घरात पाच वर्षांखालील मूल असेल, तर त्याला दूरच ठेवावे. मैत्रिणीच्या घरीही आजच कळवावे, म्हणजे त्यांनाही आपल्या गेकोचे वजन करता येईल आणि तीन नमुने देता येतील. अहवाल काहीही आले, तरी दोन्ही गेको पुन्हा एका पेटीत ठेवू नयेत, आणि नवा प्राणी घरात आणायचा झाला, तर त्याला वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्याने, पूर्ण नव्वद दिवस ठेवावे. दर रविवारचे वजन वहीत लिहिण्याचे काम मुलीकडेच द्यावे. चार आठवड्यांचे आकडे आणि विष्ठेचे अहवाल हाती आले की मला कळवावेत, मग पुढचे त्यांवरून सांगतो.